मी बघतो

माउस बंद पडल्याची बातमी ऑफिसात कोणाला सांगावी लागत नाही. ज्याचा बंद पडलेला असतो तो आधी हळू, मग जोरात आणि शेवटी टेबलावर आपटून क्लिक करू लागतो. ती टकटक ऐकली की आस्थापना शाखेतली एक खुर्ची मागे सरकते. "थांबा. कोणी हात लावू नका. मी बघतो."

या माणसाचं खरं नाव सेवापुस्तकात आहे, पण ते वेतनवाढीपुरतं. समोर सगळे त्याला भाऊसाहेब म्हणतात आणि मागे ‘मीबघतो’. आमचं जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी कार्यालय, म्हणून आमचा मीबघतो सरकारी. पण पतसंस्थेत, शाळेच्या ऑफिसात, सोसायटीच्या कमिटीत, तुमच्या सासुरवाडीत, कुठेही तो असतोच. तो संगणक अभियंता नसतो, हे फार महत्त्वाचं. अभियंता असता तर माउस बंद पडल्यावर त्याने सरळ दुसरा मागवला असता.

कार्यालयात पहिला संगणक आला तेव्हा मीबघतोचा उदय झाला. त्या संगणकाला स्वतंत्र खोली होती, खोलीला पडदे होते आणि एसी होता. साहेबांना पंखा आणि संगणकाला एसी, हे साहेबांनी मनावर घेतलं नाही, कारण धूळ आणि उकाडा यांनी संगणक मरतो असं त्यांना मीबघतोने सांगितलं होतं. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. मीबघतो तेव्हा तरुण होता आणि त्याने एका खाजगी क्लासात वर्डस्टार, लोटस आणि डीबेस असा कोर्स केला होता. साहजिकच सकाळी संगणकावरचं प्लास्टिकचं कव्हर काढण्याचा आणि संध्याकाळी ते परत घालण्याचा अधिकार त्याच्याकडे आला. पुढे वेतनवाढ अडू नये म्हणून अख्ख्या ऑफिसाने एमएस-सीआयटी केलं, प्रत्येक टेबलावर संगणक आला, लोक चपला घालून, चहा घेऊन त्याच्यासमोर बसू लागले. पण ज्याने कव्हर काढलं त्याचा मान त्याच्याकडेच राहिला.

माउस बघायला आलेल्या मीबघतोची पहिली कृती म्हणजे तुम्हाला खुर्चीवरून उठवणं. माउस उभ्यानेही बघता येतो, पण तो बसूनच बघणार आणि तुमच्याच खुर्चीत. खुर्ची स्वतःच्या उंचीला लावून घेतो (ती पुन्हा तुमच्या उंचीला कधी येत नाही), चष्मा कपाळावर ढकलतो आणि विचारतो, "काय केलं होतंत?"

"काही नाही हो, काम करत होते."

"तेच विचारतोय. कसलं काम?"

"एक्सेलमध्ये तक्ता भरत होते."

"केवढा तक्ता?"

तक्त्याच्या आकाराचा माउसशी काय संबंध, हे विचारायचं नसतं. त्याला सगळा पूर्वेतिहास लागतो. माउस कोणत्या साहेबांच्या काळात घेतला, आधी तो कोणाकडे होता, चहा सांडला होता का, घरून पेनड्राइव्ह आणला होता का. एकच प्रश्न तो विचारत नाही, तो म्हणजे वायर लागलेली आहे का. एवढा साधा प्रश्न विचारणं त्याला कमीपणाचं वाटतं. वायर निघालेली असलीच तर तपासण्याच्या ओघात त्याच्या हातून ती आपोआप परत बसते, पॉइंटर हलतो, आणि मग निदान बाहेर येतं: "झालं. रजिस्ट्रीत प्रॉब्लेम होता."

वायर निघालेली नसेल तर प्रकरण लांबतं. मीबघतो माउस उलटा करतो, त्यावर फुंकर मारतो आणि पँटवर घासून पॉइंटर हलतो का ते बघतो. ही फुंकर बॉलच्या माउसच्या काळातली. तिशीच्या आतल्या वाचकांना सांगायला हवं की तेव्हा माउसच्या पोटात रबराचा थर दिलेला एक जड गोळा असे. माउस फिरवला की गोळा घरंगळे आणि त्याला टेकलेले दोन रूळ फिरत. एक रूळ आडव्या हालचालीचा हिशेब ठेवी, दुसरा उभ्या. टेबलावरची धूळ, फायलींची कुसं, बिस्किटांचा चुरा हे सगळं गोळा इमानाने उचलून रुळांना पोचवी. रुळांवर काळा पट्टा चढला की पॉइंटर अडखळायचा. मग खालची चकती फिरवून गोळा बाहेर काढायचा, टाचणीने पट्टा खरवडायचा, स्पिरिटचा बोळा फिरवायचा, की माउस पुन्हा नवा. मीबघतोचा तो सुवर्णकाळ. दर सोमवारी तो सगळ्या शाखांचे गोळे काढून, पुसून, टॉवेलवर ओळीने मांडायचा. कॉलेजांच्या लॅबमधून हे गोळे सर्रास चोरीला जात. आमच्याकडे ते संध्याकाळी मोजून परत बसवले जायचे.

मग 2000 सालाच्या मागेपुढे खाली लाल दिवा असलेले माउस येऊ लागले. त्यांच्यात गोळा नाही, रूळ नाहीत. आत एक चिमुकला कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर फोटो काढतो आणि आधीचा फोटो नंतरच्याशी ताडून आपण किती सरकलो ते ठरवतो. खरवडायला काहीच नाही. मीबघतोने तसला पहिला माउस उघडला, आत पाहिलं आणि एक शब्द न बोलता स्क्रू परत लावले. त्या दिवशी भाऊसाहेबांनी जेवणाचा डबाही उघडला नाही, असं आमचे शिपाईमामा सांगतात. फुंकर मात्र त्याने सोडली नाही.

फुंकरीने भागलं नाही की तो इतिहास सांगतो. तुमचं काम अडलेलं असतं, दुपारी बारापर्यंत माहिती मंत्रालयात पाठवायची असते, आणि तो सांगत असतो की डग्लस एंगलबार्ट नावाच्या अमेरिकन संशोधकाने बिल इंग्लिश या सहकाऱ्याकडून पहिला माउस करून घेतला तो लाकडाचा होता, खाली दोन चाकं होती. "लाकडाचा! सुतारानेसुद्धा दुरुस्त केला असता." मग 9 डिसेंबर 1968, सॅन फ्रान्सिस्को, एंगलबार्टचं ते नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक. मग 1970चं पेटंट. पण पेटंट त्याच्या संस्थेच्या नावावर, त्यामुळे रॉयल्टी म्हणून त्याला काही मिळालं नाही. इथे मीबघतो थांबतो. "एक पैसा नाही," असं पुन्हा म्हणतो आणि सगळ्यांकडे बघतो. आपण करतो ती कामं कोणत्याच कर्तव्यसूचीत नाहीत आणि गोपनीय अहवालातही त्यांची नोंद होत नाही, एवढंच त्याला सुचवायचं असतं.

यानंतर तो टेबलाखाली जातो. तिथून पहिल्यांदा बाहेर येतात त्या टाचण्या, मग पंचिंग मशिनच्या टिकल्या, आणि एकदा तर जिच्या गहाळ होण्याबद्दल चौकशी होऊन एकाला ताकीदही मिळाली होती ती जावक नोंदवही बाहेर आली. खालून आवाज येत राहतो.

"आता बघा!"

"नाही."

"आता?"

"नाही."

"आता?"

"भाऊसाहेब, आता स्क्रीनच गेला."

पूर्वी माउसची पिन गोल आणि हिरवी असायची, कीबोर्डची तशीच गोल पण जांभळी. दोन्ही आकाराने एकच, त्यामुळे टेबलाखालच्या अंधारात एकीच्या जागी दुसरी बसायची आणि माउस व कीबोर्ड दोघेही मुके. शिवाय चालू मशिनला पिन लावली तर मशिन पुन्हा सुरू केल्याशिवाय माउसची ओळख पटत नसे. यूएसबीने हे सगळं संपवलं. पण मीबघतो अजूनही पोर्ट बदललं की मशिन बंद करून चालू करायला लावतो. आमच्याकडच्या कंत्राटी ऑपरेटर पोराने एकदा त्याला सांगायचा प्रयत्न केला की हल्लीच्या विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ असतं, त्यामुळे ‘शट डाऊन’ केलं तरी आतला बराच भाग झोपवून ठेवलेला असतो. खरी पाटी कोरी करायची तर ‘रिस्टार्ट’ द्यावं लागतं. हे खरं आहे. मीबघतोने त्याला विचारलं, "तू कायम आहेस का?" पोरगा गप्प बसला.

अधिवेशनाच्या दिवसांत लेखाशाखेतल्या मॅडमचा माउस गेला तो प्रसंग आमच्या ऑफिसात अजून सांगितला जातो. तारांकित प्रश्नाची माहिती, तालुकावार तक्ता, सकाळपासून भरलेला आणि सेव्ह न केलेला. मीबघतो म्हणाला, मशिन बंद करतो. मॅडम म्हणाल्या, सेव्ह केल्याशिवाय बटणाला हात लावाल तर बघा.

"माउसशिवाय सेव्ह करून दाखवतो," मीबघतो म्हणाला आणि त्याने बाह्या सारल्या. डावीकडचं ऑल्ट, डावीकडचं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबलं की कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी पॉइंटर हलवता येतो. चारने डावीकडे, सहाने उजवीकडे, आठने वर, दोनने खाली, आणि पाचने क्लिक. ही गोष्ट ऑफिसात त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. दोन शाखांची माणसं खुर्चीमागे जमली. पॉइंटर निघाला. तक्त्याच्या तळातून तो एकेक रकाना ओलांडत वर सरकू लागला. मामा चहा घेऊन आले आणि कप हातात धरून तिथेच थांबले. पॉइंटर सेव्हच्या चित्रापाशी पोचला, पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. "चार दाबा, चार!" कोणीतरी ओरडलं. तेवढ्यात मॅडमनी बाजूने हात घालून कंट्रोल आणि एस दाबलं.

"झालं सेव्ह," त्या म्हणाल्या.

मीबघतोने क्षणभर स्क्रीनकडे बघितलं. "तसंही चालतं," तो म्हणाला.

त्या माउसची वायर मानेपाशी तुटली होती. वायर माउसमधून बाहेर पडते तिथे ती दिवसभर वाकत राहते आणि आतल्या चार तारांपैकी एक कधीतरी हात टेकते. मीबघतोने वायर वाकवून, पिरगाळून, उचलून नेमका कोन शोधून काढला. पॉइंटर जिवंत झाला. मग सेलोटेप आली, दोन रबरबँड आले, आणि माउस मॅडमच्या हवाली करताना तो म्हणाला, "चालतोय. फक्त हलवू नका."

यावर कोणीही म्हणेल की तीनेकशे रुपयांची वस्तू, नवीन का घेत नाही? असं म्हणणाऱ्यांनी सरकारी कार्यालयात काम केलेलं नाही. आमचा माउस संगणक संचाचा भाग म्हणून जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढलेला असतो, त्याच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने क्रमांक घातलेला असतो, आणि तो फेकायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव करावा लागतो. प्रस्तावाला लागणारा कागद आणि मनुष्यतास यांच्या किमतीत माउसची पेटी येईल. म्हणून आमच्याकडे माउस मरत नाही. तो टेबल बदलतो. मीबघतो बंद माउस हळूच उचलतो आणि रजेवर असलेल्या माणसाच्या टेबलावर ठेवून त्याचा चालू माउस घेऊन येतो. रजेवरून आलेला माणूस टकटक करू लागतो, खुर्ची सरकते, "मी बघतो". त्यामुळे आमच्याकडे अर्जित रजेवर जाणारे लोक माउस कपाटात कुलूपबंद करून जातात.

बिनवायरीचे माउस आल्यावर यात नवा अध्याय सुरू झाला. त्यांच्याबरोबर नखाएवढा एक डोंगल येतो, तो मशिनला लावायचा. डोंगल हरवतील म्हणून मीबघतोने ते सगळे काढून एका गोळ्यांच्या रिकाम्या डबीत जमा केले आणि कोणता कोणाचा ते लिहायचं राहून गेलं. मग जे वाटप झालं त्यातून एक दिवस आवक शाखेतल्या बाबांनी माउस हलवला की त्यांचा पॉइंटर जागचा हलेना, आणि भिंतीपलीकडे लेखाशाखेत मॅडमच्या स्क्रीनवर पॉइंटर आपोआप फिरू लागला. फायली उघडायला लागल्या. मॅडमना वाटलं हॅकर. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सीपीयूवर लिंबू-मिरची लटकत होती. मीबघतोने तीन टेबलांवर तीन माउस आणि डबीतले सगळे डोंगल मांडून, एकेक लावून, एकेक हलवून जोड्या जुळवल्या. अख्खी दुपार गेली. या कामाला जी चिकाटी लागते ती त्याच्याकडे आहे, हे त्याच्या शत्रूंनाही मान्य करावं लागेल.

शत्रू म्हणजे एएमसीवाला. वार्षिक देखभालीच्या करारातला हा तरुण तक्रार नोंदवल्यावर तिसऱ्या दिवशी येतो, माउस दुसऱ्या मशिनला लावून बघतो, तिथेही चालला नाही तर बॅगेतून दुसरा काढतो, सही घेतो आणि जातो. सगळं मिळून चहा निवायच्या आत. खरं तर माउसची तपासणी ती एवढीच: दुसरं पोर्ट, दुसरं मशिन, दुसरा माउस. दोष माउसमध्ये आहे की मशिनमध्ये हे तेवढ्यात कळतं. मीबघतोला ही पद्धत अश्लील वाटते. "बदललं की झालं? मग दुरुस्ती कुठे झाली?" तो विचारतो, आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही.

2020च्या टाळेबंदीत लोक घरून काम करू लागले तेव्हा आम्हाला वाटलं याची सवय सुटेल. तो फोनवरून बघू लागला.

"बाबा, माउस दिसतोय का?"

"दिसतोय."

"कुठे आहे?"

"टेबलावर."

"अहो, स्क्रीनवर!"

"स्क्रीनवर कसा ठेवू? घसरून पडेल."

हे संभाषण तासभर चाललं आणि त्याच्या अखेरीस बाबांच्या नातवाने माउसच्या पोटातलं बटण ‘ऑन’वर सरकवलं.

मीबघतोच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोठं प्रकरण साहेबांच्या माउसचं. नवे साहेब बदलून आले आणि त्यांच्या टेबलावर माउस टिकेना. जो ठेवावा तो मरतो. पॉइंटर जागचा हलत नाही, हललाच तर कोपऱ्यात उडी मारतो. मीबघतो तो माउस बाहेर आणून बघायचा तर उत्तम चालायचा. आत नेला की बंद. ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणे वास्तुदोष, दुसरा म्हणे साहेबांचा हात जड. मीबघतोने केबिनचं अर्थिंग तपासून घेतलं, वायरिंग बदलून घेतलं आणि नाकारलेले सगळे माउस आपल्या ड्रॉवरमध्ये ‘साहेबांकडून परत’ अशी चिठ्ठी लावून ठेवले.

एक दिवस साहेब चिडले. ई-ऑफिसबद्दल परिपत्रक आलं होतं. ते त्यांनी मीबघतोसमोर टेबलावर टाकलं. "हे बघा, सगळ्या फायली कॉम्प्युटरवर चालवा म्हणतात. आणि इथे माउस चालत नाही!" मीबघतोने माउस उचलला, फुंकर मारली आणि खाली ठेवला तो नेमका परिपत्रकावर. पॉइंटर धावला. शासकीय परिपत्रकामुळे काहीतरी हललं, असं मी नोकरीत पहिल्यांदाच पाहत होतो.

मीबघतोने माउस काचेवर ठेवला. बंद. परिपत्रकावर ठेवला. चालू. साहेबांच्या टेबलावर जाड काच आहे, काचेखाली गजाननाचा फोटो, सुट्ट्यांची यादी आणि अधिकाऱ्यांचे फोन नंबर. आधीच्या साहेबांचं माउसपॅड त्यांच्याबरोबर बदलीला गेलं होतं. माउसच्या कॅमेऱ्याला कागदाचे तंतू, लाकडाच्या रेषा असं काहीतरी खरबरीत दिसावं लागतं; स्वच्छ काचेत त्याला ताडून बघण्याजोगं काही सापडत नाही. सेकंदाला हजार फोटो, आणि सगळे कोरे.

"काच आहे साहेब," मीबघतो म्हणाला. "मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय." असं तो कधीही म्हणाला नव्हता. पण काही माणसांचा एक दिवस असतो आणि त्या दिवशी हटकू नये, म्हणून आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ते परिपत्रक साहेबांच्या काचेवर चारही बाजूंनी सेलोटेप लावून अजून तसंच आहे. पुढे त्याला अधिक्रमित करणारं दुसरं परिपत्रक आलं, पण ते फायलीला लागलं.

‘साहेबांकडून परत’ आलेले माउस सगळे चांगले निघाले. मीबघतोने ते वाटले नाहीत. "राहू देत, लागतील," म्हणाला. पुढच्या वर्षी तो निवृत्त होतोय आणि कार्यभाराच्या यादीत तो ड्रॉवर कोणाच्या नावावर चढवायचा यावर आत्तापासून टिपणी सुरू आहे. कंत्राटी पोरगा म्हणतो, दोन माउस जादा ठेवले की भागेल. भागेल, यात शंका नाही. तरी परवा त्याचा स्वतःचा माउस अडला तेव्हा त्याने आधी आस्थापना शाखेच्या दिशेनेच पाहिलं.

तुमच्याकडे असा कोणी असेल तर त्याला अवश्य बोलवा. खुर्ची द्या, तक्ता केवढा ते सांगा, लाकडी माउसची गोष्ट पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करा. फक्त तो तुमच्या टेबलापर्यंत पोचायच्या आत कंट्रोल आणि एस दाबून ठेवा, आणि माउस उलटा करून लाल दिवा लागलाय का तेवढं गुपचूप बघून घ्या. एरवी लागणारा दिवा लागला नसेल तर वायर निघाली असेल, सेल संपला असेल किंवा खालचं बटण बंद असेल. हे त्याला सांगू नका.